संकासुर आणि सिलेनस

कार्तिकी पौर्णिमा उलटली की मालवण, कुडाळ, वेंगुर्ले, सावंतवाडी या पट्ट्यात जत्रांचे दिवस सुरू होतात. देवळाची पालखी फिरून आली, ओट्या भरून झाल्या, खाजे-मालवणी लाडूंच्या दुकानांवरची गर्दी थोडी पांगली, की मध्यरात्रीच्या सुमारास पायपेटीचा सूर लागतो आणि पखवाजावर थाप पडते. दशावताराला आरंभ होतो. वसई-मुंबईकडील आमच्या वाचकांसाठी थोडे सांगावयास हवे. दशावतारी नाटकाला लिखित संहिता नसते. पुराणातले एखादे आख्यान ठरते आणि नट आपापली भाषणे उभ्या उभ्या रचतात. स्त्रियांची कामे पुरुषच करतात. पहाटे दहीकाला होऊन खेळ संपतो, म्हणूनच या खेळाला 'धयकालो' असेही नाव आहे. मुख्य आख्यानापूर्वी जो पूर्वरंग होतो त्यास 'आडदशावतार' म्हणतात. त्यात सूत्रधार येतो, गणपती येतो, मोरावरची सरस्वती येते आणि मग येतो वेद पळविणारा संकासुर.

अंगभर काळा पोशाख, डोक्यावर निमुळती काळी टोपी, चेहऱ्यावर काळे कापड आणि त्यातून लोंबणारी लालभडक जीभ, असे त्याचे रूप. देव आणि ऋषी शुद्ध मराठीत बोलत असता हा गडी मात्र ठेवणीतल्या मालवणीत बोलतो. भटजींची खोडी काढतो, गावच्या पुढाऱ्याला चिमटा घेतो, न आलेल्या एस.टी.बद्दल तक्रार करतो. अखेर विष्णू येतो, युद्धनृत्य होते आणि संकासुर मरतो. पोरे त्याला भितात आणि त्याचीच वाट पाहत जागी राहतात.

या संकासुराविषयी आमच्या हातून एक अपराध घडला. तो आधी सांगतो, मग विषयाकडे वळतो.

गुरुदीक्षेनंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतील गोष्ट. किनाऱ्यावरील एका धर्मग्रामात आमची नेमणूक झाली होती. जत्रांच्या हंगामात आपले काही भाविक रात्री देवळाच्या आवारात नाटक पाहावयास जातात, हे कानावर आले. त्या रविवारी प्रवचनात आम्ही त्या काळ्या, लांब जिभेच्या आकृतीचे वर्णन करून सरळ विचारले, "सैतानाचे चित्र काढावयास सांगितले तर तुम्ही याहून निराळे काय काढाल?" मिस्सा संपल्यावर एक वृद्ध मच्छीमार सावकाश जवळ आले. "फादर, तुमी संकासूर कधी बघलास काय?" आम्ही मान हलविली. "नाय? मगे एकदा येवा बघूक." एवढेच बोलून ते निघून गेले. त्यांचा पुतण्या एका मंडळीत पखवाज वाजवीत असे. आमच्या प्रवचनानंतर त्याने ते सोडले, हे आम्हांस फार उशिरा कळले.

वनातील हसरे टोळके

सेमिनरीत नव्या कराराच्या निमित्ताने ग्रीक भाषेशी तोंडओळख झाली होती. ती वाढवावी म्हणून पुढे काही वर्षे आम्ही ग्रीक नाटके भाषांतरांच्या आधाराने वाचीत गेलो. मराठी रसिकांना ग्रीक शोकांतिका परकी नाही. पु. ल. देशपांडे यांचा 'राजा ओयदिपौस' १९७९ साली प्रसिद्ध झाला. परंतु शोकांतिकेच्या पाठोपाठ अथेन्सच्या रंगभूमीवर जे येत असे, त्याची ओळख आपल्याकडे फारशी झालेली नाही. ते म्हणजे सॅटिरनाट्य.

सॅटिर हे द्राक्ष-मद्याचा देव डायोनिसस याचे सोबती. धड माणसाचे, कान आणि शेपूट मात्र जनावराचे. इथे एक गंमत आहे. आज सॅटिर म्हटले की बोकडाची शिंगे आणि खूर डोळ्यांसमोर येतात. परंतु प्राचीन ग्रीक चित्रांतील सॅटिर घोड्याच्या अवयवांचे आहेत. फ्लॉरेन्स येथे जपलेल्या, इसवी सनपूर्व सुमारे ५७० मधील प्रसिद्ध 'फ्रांस्वा' कुंभावर डायोनिससच्या मिरवणुकीत चालणाऱ्या अशा आकृतींचे पाय घोड्याचे आहेत. बोकडाचे रूप त्यांना मागाहून चिकटले. मेंढपाळांचा देव पान हा मूळचाच अजपाद. त्याच्याशी यांची सरमिसळ झाली. सॅटिर आळशी, भित्रे, बढाईखोर, मद्याचे आणि स्त्रियांचे लोभी. पण त्यांच्या ठायी दुष्टावा नाही. त्यांचा म्हातारा बाप सिलेनस टकला, पोट सुटलेला, बहुधा झिंगलेला आणि कधी कधी अकस्मात शहाणपणाचे बोलणारा.

अथेन्समध्ये वसंत ऋतूच्या तोंडावर, साधारण आपल्या शिमग्याच्या दिवसांत, डायोनिससचा मोठा उत्सव होई. स्पर्धेत उतरणारा कवी तीन शोकांतिका सादर करी आणि त्यांना जोडून चौथे सॅटिरनाट्य. राजे, वीर आणि देव तेच. त्यांची भाषाही तशीच भारदस्त. त्यांच्याभोवती नाचणारा गायकवृंद मात्र सॅटिरांचा. नेपल्सच्या संग्रहालयात इसवी सनपूर्व सुमारे ४०० मधील 'प्रोनोमोस' कुंभ आहे. त्यावर अशा नाटकाची सगळी मंडळीच रंगविली आहे. मध्यभागी बासरीवादक प्रोनोमोस, भोवती हातात मुखवटे धरलेले नट आणि कमरेला केसाळ चड्डी बांधलेले तरुण. एकाने मुखवटा चढविला आहे आणि तो लगेच नाचू लागला आहे. ते चित्र प्रथम पाहिले तेव्हा आम्हांस देवळामागे पेटारे उघडून रंग लावीत बसलेली दशावतारी मंडळी आठवली. 'रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा' ही म्हण अडीच हजार वर्षांपूर्वीच्या त्या तरुणांनाही थोडीफार लागू पडली असती.

जाळ्यात आलेले मूल

हा एवढा मोठा नाट्यप्रकार. पण त्यातले पूर्ण वाचलेले नाटक एकच आहे, युरिपिडीसचे 'सायक्लॉप्स'. त्यात सिलेनस आणि त्याची पोरे एकाक्ष राक्षस पॉलिफेमसची गुलाम बनली आहेत. भटकत आलेला ओडिसियस त्यांना मद्य दाखवितो, तेव्हा सिलेनस मालकाची मेंढरे आणि पनीर बिनदिक्कत विकून मोकळा होतो. राक्षसाचा डोळा फोडण्यास मदत करू, अशी शपथ सॅटिर घेतात. पण वेळ येताच एकाचा पाय मुरगळतो, दुसऱ्याच्या डोळ्यांत राख जाते. काम ओडिसियसला आपल्या साथीदारांनिशीच करावे लागते. सॅटिर बाजूला उभे राहून गाण्याने धीर देतात! ज्यांनी गावात सार्वजनिक काम काढले आहे, त्यांना हे सॅटिर ओळखीचे वाटतील.

बाकीची नाटके लुप्त झाली. काहींचे तुकडे मात्र इजिप्तच्या वाळूने राखले. ग्रेनफेल आणि हंट या दोन इंग्रज संशोधकांनी ऑक्सिरिंकस येथील जुन्या उकिरड्यांतून पपायरसची असंख्य पाने बाहेर काढली. त्यांत सोफोक्लीसच्या 'माग काढणारे' या सॅटिरनाट्याच्या चारशेहून अधिक ओळी मिळाल्या आणि त्या १९१२ साली प्रसिद्ध झाल्या. अपोलोची चोरीस गेलेली गुरे शोधावयास सॅटिर कुत्र्यांसारखे भुईला नाक लावून निघतात. तोच जमिनीखालून कधी न ऐकलेला सूर येतो आणि ते घाबरून जातात. तो सूर असतो बाळ हर्मिसने कासवाच्या पाठीपासून बनविलेल्या वीणेचा.

आम्हा किनारपट्टीवरच्या माणसांना मात्र सर्वांत जवळचे वाटेल ते ईस्किलसचे 'जाळे ओढणारे'. सॅटिरनाट्यात ईस्किलसचा हात धरणारा कोणी नाही, असे प्राचीन रसिक मानीत. १९३० आणि १९४० च्या दशकांत या नाटकाचे तुकडे प्रकाशात आले. प्रसंग असा. सेरिफोस बेटाच्या किनाऱ्यावर दोघे मच्छीमार जाळे ओढीत आहेत. जाळे इतके जड की हलता हलत नाही. काय सापडले असेल? देवमासा? अखेर ते ओरडून आजूबाजूच्या शेतकऱ्यांना, गुराख्यांना हाक मारतात आणि धावून येतात ते सॅटिर. आमच्या वाचकांपैकी ज्यांनी तारकर्लीच्या किंवा देवबागच्या वाळूत रापण ओढली आहे, त्यांना हे दृश्य समजावून सांगावयास नको. दोरीला हात लावील त्याला वाटा, हा रापणीचा जुना न्याय. जाळ्यातून निघते एक लाकडी पेटी. पेटीत आहे डॅनी ही राजकन्या आणि तिचे तान्हे बाळ, पुढचा वीर पर्सियस. स्वतःच्या बापानेच त्यांना समुद्रात लोटलेले असते.

म्हातारा सिलेनस लगेच तिच्याशी लग्नाचे मनोरे रचू लागतो. ती बिचारी आपल्या नशिबाला बोल लावते. आणि तान्हे मूल? ते सिलेनसचे चकाकणारे टक्कल पाहून हसते! मग तो ओबडधोबड म्हातारा त्या मुलाला चुचकारू लागतो. मी तुला खाऊ घालीन, शिकारीला नेईन, अशी आश्वासने देतो. मृत्यूच्या पेटीतून नुकतेच बाहेर आलेले मूल, आणि त्याला प्रथम हसविणारा कोण, तर सगळ्यांनी हिणवलेला एक अर्धपशू. तीन शोकांतिका पाहून जड झालेल्या मनांना अथेन्सचे लोक असे हसे देऊन घरी पाठवीत.

शिंगे कोणी लावली?

मग हा हसरा प्राणी सैतान कसा झाला? याचे काही धागे आमच्याच पवित्र शास्त्राच्या भाषांतरांतून जातात. यशयाच्या तेराव्या अध्यायात उजाड होणाऱ्या बाबेलचे वर्णन आहे. तिथे रानटी प्राण्यांबरोबर 'सेईरीम' नाचतील, असे म्हटले आहे. या हिब्रू शब्दाचा अर्थ केसाळ, किंवा बोकड. ओसाड रानातील भुतेही त्यातून सूचित होतात. सत्तरीच्या ग्रीक भाषांतरात तिथे भुते आली, संत जेरोमच्या लॅटिन भाषांतरात 'केसाळ' असा शब्द आला, आणि १६११ च्या इंग्रजी बायबलात चक्क 'सॅटिर' आले. एका लोकांचे वनदैवत दुसऱ्या लोकांच्या शास्त्रात भूत म्हणून शिरले. पुढे मध्ययुगीन चित्रकारांनी सैतान रंगविताना शिंगे, खूर आणि शेपूट यांची उसनवारी पान व सॅटिर यांच्याकडूनच केली.

पण त्याच संत जेरोमने सॅटिराची एक निराळीच कथा लिहून ठेवली आहे. पहिला वनवासी संत पॉल याच्या चरित्रात तो सांगतो की, संत अंथनी त्याच्या शोधात वाळवंटातून चालला असता त्याला एक बुटका जीव भेटला. नाक वाकडे, कपाळाला शिंगे, पाय बोकडाचे. अंथनीने विचारले, तू कोण? त्याने स्नेहाची खूण म्हणून खजूर पुढे केले आणि म्हटले की, मी मर्त्य प्राणी आहे. परराष्ट्रीय लोक भ्रमाने ज्यांना सॅटिर म्हणून पूजतात त्यांपैकी एक. आमच्या जमातीचा दूत म्हणून आलो आहे. जो सर्वांचा प्रभू जगाच्या तारणासाठी आला असे आम्ही ऐकले, त्याच्याकडे आमच्यासाठी विनंती कर. हे ऐकून म्हाताऱ्या अंथनीच्या डोळ्यांतून आनंदाश्रू वाहिले. कथा खरी की कल्पित, हा प्रश्न आम्हांस महत्त्वाचा वाटत नाही. अंथनीने त्या शिंगांकडे पाहून काठी उगारली नाही, आधी नाव विचारले, हे महत्त्वाचे. आमच्या प्रवचनात नेमके तेवढेच राहून गेले होते.

प्लेटोच्या 'मेजवानी' या संवादात अल्सिबायडिस आपल्या गुरूला, सॉक्रेटिसला, सिलेनसची उपमा देतो. कारागिरांच्या दुकानात सिलेनसच्या अशा मूर्ती मिळत की ज्या बाहेरून कुरूप, पण उघडल्या की आत देवांच्या प्रतिमा. हा धागा इरॅस्मस या धर्मगुरू पंडिताने उचलला. आपल्या सुभाषितसंग्रहाच्या १५१५ च्या आवृत्तीत त्याने लिहिले की, असा सर्वांत विलक्षण सिलेनस म्हणजे ख्रिस्त: बाहेरून सुताराचा दरिद्री मुलगा, आत अनंत वैभव. त्याच्या आधी थोडीच वर्षे, १४९६-९७ मध्ये, मायकेलअँजेलोने रोममध्ये बॅकसची मूर्ती घडविली, ती एका कार्डिनलसाठी. डळमळत्या देवामागे लपून द्राक्षे खाणारा एक लहानसा सॅटिर तिच्यात आहे. कार्डिनल रियारियो यांना ती पसंत पडली नाही, हा भाग निराळा. आज ती फ्लॉरेन्सला आहे.

साम्याचा मोह

आता वाचक विचारतील, सॅटिराचा आणि संकासुराचा काही ऐतिहासिक संबंध आहे काय? मोह होण्याजोगी सामग्री पुष्कळ आहे. 'पेरिप्लस' या इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासवर्णनात चौलच्या दक्षिणेकडील बंदरांची यादी आहे. तिच्यातील नावे काही अभ्यासकांनी विजयदुर्ग, देवगड, मालवण यांच्याशी जुळवून पाहिली आहेत, जरी त्यावर एकमत नाही. कार्ल्याच्या लेण्यात दान देणाऱ्या यवनांची नावे कोरलेली आहेत. आमच्याकडून घाट चढून कोल्हापूरला जावे, तर तेथील टाऊन हॉलमधील संग्रहालयात ब्रह्मपुरीच्या टेकाडात सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची ब्राँझची छोटी मूर्ती पाहावयास मिळते. समुद्रमार्गे आलेला माल घाटावर जाई, त्याची ती साक्ष.

पण वस्तू आली म्हणून कथा आली, असे होत नाही. १८३६ साली मथुरेस कर्नल स्टेसी यांना एक शिल्प सापडले. त्यात पोट सुटलेला, मद्याने झिंगलेला एक पुरुष आहे. पाहणाऱ्या युरोपीयांनी त्याला तत्काळ सिलेनस ठरविले. पुढे अभ्यास वाढला तेव्हा ध्यानात आले की, हे आपल्याकडील यक्ष-कुबेरांच्या परिवारातले दृश्य आहे. पितळखोऱ्याला सापडलेला, कान्हदास नावाच्या सोनाराने घडविल्याचा लेख असलेला हसरा बुटका यक्षही त्याच गोतातला. त्याला हसावयास कोणा ग्रीकाने शिकविले नव्हते. तीच गोष्ट नाटकाची. 'यवनिका' या शब्दाचा आधार घेऊन संस्कृत नाटकाचे मूळ ग्रीसमध्ये शोधण्याचा प्रयत्न झाला; विंडिश यांनी १८८२ मध्ये तसा सिद्धान्त मांडला आणि सिल्व्हँ लेव्ही यांनी १८९० मध्ये तो खोडून काढला. ग्रीक रंगभूमीला असा दर्शनी पडदाच नव्हता.

स्टेसीसाहेबांनी यक्षात सिलेनस पाहिला, आम्ही संकासुरात सैतान पाहिला. दोघांची चूक एकच. दुसऱ्याच्या घरी गेल्यावर आपल्याच घरचे चित्र भिंतीवर शोधावयाचे!

म्हणून आम्ही संबंध जोडीत नाही, केवळ दोघांना शेजारी उभे करतो. तसे केले की साम्याइतकाच भेदही दिसतो. सॅटिर शेवटी सुटतात आणि आपल्या देवाकडे परततात; संकासुर मारला जातो. सॅटिर शोकांतिकेनंतर येत, संकासुर आख्यानाच्या आधी येतो. मात्र अथेन्समधील शिलालेखांवरून दिसते की, इसवी सनपूर्व ३४१ च्या सुमारास तिथेही प्रथा बदलली होती. प्रत्येक कवीचे वेगळे सॅटिरनाट्य न होता उत्सवाच्या आरंभी एकच होऊ लागले होते. साम्य आहे ते कामात. जिथे देवांची गोष्ट सांगावयाची आहे, तिथे जमिनीवरच्या माणसाची भाषा बोलणारा कोणीतरी हवा. संस्कृत नाटकातला विदूषक ब्राह्मण असूनही प्राकृत बोलतो, संकासुर मालवणी बोलतो. गोव्यातील शिवोलीला नाताळानंतर होणाऱ्या जागरात हिंदू आणि ख्रिस्ती मिळून रात्र जागवितात, त्यातही सोंगे आणि हशा आहेच. ज्या देवासमोर हसता येत नाही त्याच्याजवळ रडावयासही माणूस कचरतो, असा आमचा इतक्या वर्षांचा अनुभव आहे.

एक विनंती

त्या वृद्धांचे निमंत्रण आम्ही दुसऱ्या वर्षी स्वीकारले. मागे, माडाच्या बुंध्याशी, अंग चोरून बसलो. पण संकासुराच्या नजरेतून काय सुटणार? खेळ मध्येच थांबवून त्याने बोट रोखले. "आज पाद्री पण इलेत! म्हंजे माजां मराण आज काय चुकना नाय!" सारे आवार हसले. आम्हीही हसलो, आणि हसता हसता आमचे ते प्रवचन आम्हांस आठवले. पुढच्या रविवारी त्याच ठिकाणी उभे राहून चूक कबूल केली. पुतण्याच्या घरीही गेलो. त्याने चहा दिला, मनात काही ठेवले नाही; पण मंडळीत त्याच्या जागी दुसरा वादक बसला होता. वर्षभराने तो बोटीवरच्या नोकरीला निघून गेला. बोललेला शब्द मागे घेता येतो, त्याने मोडलेली गोष्ट सांधतेच असे नाही.

इतिहासाने एक गोष्ट मात्र शिकविली, ती सांगून आटोपते घेतो. सोफोक्लीसने शंभराहून अधिक नाटके लिहिली. त्यांतील सात शोकांतिका जगाने जपल्या, सॅटिरनाट्य एकही पूर्ण उरले नाही. गंभीर ते शाळांतून शिकविले गेले, हसरे ते उकिरड्यावर गेले. संकासुराचे तर तेवढेही लिहिलेले नाही. तो त्या रात्री बोलतो आणि पहाटे ते शब्द दहीकाल्याबरोबर संपतात. आता बऱ्याच ठिकाणी आडदशावतार आटोपता घेऊन मंडळी थेट आख्यानाला हात घालतात. आमच्या धर्मग्रामांतील तरुणांच्या खिशात आज ध्वनिमुद्रणाचे यंत्र आहे. जुन्या नटांपाशी, वादकांपाशी बसून त्यांनी संकासुराची भाषणे टिपून ठेवावीत, अशी आमची विनंती आहे. जाळे जड आहे; दोरीला अधिक हात लागले तर बरे.